ही वायर कुठल्या रंगाची?

बॅटरीवाले अण्णा गाडी दुरुस्त करता करता मालकाचीच परीक्षा घेत. नसरापूरच्या त्यांच्या टपरीत डॅशबोर्ड उघडला, की आत हात घालून ते एकेक वायर बाहेर ओढत आणि विचारत, "सांगा गुरुजी, ही कुठल्या रंगाची?" मी पासलीच्या शाळेत मास्तर. आठवडाभर पोरांना प्रश्न विचारायचे आणि शनिवारी शाळा सुटल्यावर अण्णांपुढं उत्तरं द्यायची. मला त्याची मोठी गंमत वाटे.

माझी जीप म्हातारी. कधी डिझेलचा काटा टाकी भरलेली दाखवून मला घाटात उभं करी, कधी गार इंजिन तापल्याचं सांगे. मी नवा मीटर टाका म्हटलं की अण्णा चिडत. "काट्याला कशापायी शिव्या देता? त्याला सांगितलं त्येच त्यो दावतो. खोटं बोलणारी वायर हुडका." मग गाडीच्या पत्र्याला आवळलेली अर्थिंगची काळी वायर सोडवून गंज खरवडत आणि काटे शहाण्यासारखे जागेवर येत.

एका शनिवारी मला वात्रटपणा सुचला. त्यांनी पुढं केलेली वायर लाल होती. मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "काळी." अण्णांनी ती मुकाट्यानं पत्र्याला आवळली. तेही थट्टाच करताहेत असं वाटून मी गप्प राहिलो. बॅटरी जोडताच डॅशबोर्डमागून धूर निघाला. त्यांनी उघड्या हातानं वायर उपटली. बोटं भाजली.

"अहो अण्णा, लाल होती ती!"

ते बाकड्यावर बसले. "दोन वर्सं झाली गुरुजी, समदे रंग राखंवानी दिसत्यात. कुणाला बोललो न्हाई. कळल्यावर गाडी कोन आणंल हितं? म्हनून इचारत हुतो."

दारात दोन टेम्पोवाले उभे होते. त्यांनीही ते ऐकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जळालेली वायर त्यांनी लगेच बदलली. आता मी प्रत्येक रंग खरा सांगत होतो. पण माझ्या एका शब्दावर वायर जोडणारे अण्णा आता एकेक वायर टेस्टचा दिवा लावून तपासत होते. सगळी दुपार त्यात गेली.

महिन्याभरात टपरी बंद झाली. गेल्या वर्षी अण्णाही गेले. जीपचे काटे मात्र अजून बरोबर चालतात. किल्ली फिरवली की तीच दुपार आठवते. "अण्णा, आले सगळे काटे जागेवर," मी म्हणालो होतो. ते खिडकीतून आत वाकले आणि त्यांनी स्वतः बघून घेतलं.