देवीला सोडलेला कोंबडा

माझ्या बापाला लोक शहाणा म्हणायचे आणि माझी आई त्यांच्या तोंडावर हसायची. "हा शहाणा? घरातलं मीठ संपलं तरी याला कळत नाय!" पण बांधाचं त्याला कळतं, एवढं तीही कबूल करायची. कळव्याला खाडीच्या काठी आमची खारजमीन. आत भात, बाहेर भरतीचं पाणी, मधे मातीचा बांध. राघो, म्हणजे माझा बाबा, त्या बांधावरून रोज अनवाणी चालायचा. कुठे माती मऊ लागली की तिथूनच अशी आरोळी ठोकायचा, की निम्मं गाव फावडी घेऊन धावत यायचं. तो बोलायला लागला की थांबायचा नाही. आई म्हणायची, "देवानं याला दोन माणसांचं तोंड दिलंय."

सन चोपन्नच्या सुमाराला ठाण्याची एक मुलगी आमच्याकडे यायला लागली. प्रमोदिनी तिचं नाव. बीएस्सी झालेली, जाड भिंगांचा चष्मा, परळच्या एका प्रयोगशाळेत नोकरी. तिला पाहिजे काय, तर कोंबड्याचं रक्त! तिच्या घरी अंड्यालाही शिवत नाहीत, आणि ही बया आमच्या अंगणात बसून कोंबडा मांडीवर घ्यायची, पंखाखालच्या शिरेला सुई लावायची आणि रक्ताची नळी बर्फात ठेवायची. कोंबडा जिवंतच, वर तिलाच टोचून पळायचा. आई मला म्हणायची, "बघ गो कले, बामणाची पोर तुझ्यापेक्षा बरा कोंबडा धरते."

त्या रक्तावरचं पिवळं पाणी काढून ती काचेवर त्याचा थेंब गोठवायची, आणि त्या गोठलेल्या थेंबात मांसाचा इवलासा तुकडा ठेवायची. तो तुकडा तिथे जगायचा म्हणे. माणसापासून तोडलेला, काचेवर, आणि जिवंत! आईनं ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. "काय पण थापा मारते!" म्हणाली. पण नंतर रात्री जेवताना दोनदा तेच बोलली.

बाबा तंबाखू मळून गालात धरायचा. त्या गालात, खालच्या हिरडीला लागून जखम झाली, चवलीच्या नाण्याएवढी. दुखत नव्हती, पण बरीही होत नव्हती. आईनं गावदेवीला नवस बोलून आमचा लाल तुरेवाला कोंबडा देवीच्या नावानं सोडला, त्याच्या पायात दोरा बांधला आणि आम्हाला बजावलं, "याला कोणी हात लावायचा नाय." मी तेव्हा लग्न होऊन दोन घरं सोडून राहत होते. तरी मलाही बजावलं.

एके दिवशी आई बाजाराला गेलेली आणि प्रमोदिनी आली. बाबानं हाताशी आला तो कोंबडा धरून दिला. तोच लाल तुरेवाला. मी म्हटलं, "बाबा, अरे हा देवीचा!" तर म्हणतो, "जीव थोडाच घेतेय त्याचा? चार थेंबांनी देवीला काय कमी पडणार?" हसला, आणि हसताना गाल धरला. प्रमोदिनीनं विचारलं, "काका, काय झालं? बघू तोंड." बघितलं आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. दुसऱ्याच दिवशी ती त्याला परळच्या इस्पितळात घेऊन गेली.

डॉक्टरनं तपासायला जखमेच्या कडेचा तांदळाएवढा तुकडा काढला, थोडं चांगलं मांस धरून. कॅन्सर निघाला. डॉक्टर सरळ बोलणारा माणूस. म्हणाला, अर्धा जबडा काढायचा, जिभेचाही भाग जाईल. आत्ता केलं तर जगाल, बोलता येईल असं मात्र धरून चालू नका.

बाबा उठला तो थेट घरी. "उंदीर मारायला घर पाडतात काय? चवलीएवढी जखम, नि यांना अर्धं तोंड पाहिजे! मुका होऊन जगण्यापेक्षा बोलत बोलत मरेन." आईही त्याच्याच बाजूची. "देवी बघून घेईल. कोंबडा सोडलाय ना." मी रोज जाऊन भांडायची, रडायची, शेवटी शेवटी तर शिव्यासुद्धा घातल्या. दगडावर पाणी! माझा बाप माझ्या डोळ्यांदेखत मरायला निघालेला आणि तोंडानं गप्पा मारत होता. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

चार-पाच दिवसांनी प्रमोदिनी आली. म्हणाली, "काका, एकदा येऊन बघा. मग खुशाल नाही म्हणा." आम्ही तिघंही तिच्या प्रयोगशाळेत गेलो.

खोली साधीच होती. टेबलावर दोन काचा ठेवलेल्या. "डॉक्टरांनी काढला त्याच तुकड्यातलं हे. एका काचेवर तुमच्या गालाच्या चांगल्या मांसाचा कण आहे, दुसरीवर जखमेतला. दोन्ही एकाच रक्तात, एकाच दिवशी ठेवले." तिनं पहिली काच तिरकी केली. थेंब खरवसासारखा घट्ट, हलला नाही. दुसरी तिरकी केली, तर थेंबात मधोमध पाणी वाहिलं. तिथे भोक पडलेलं.

मग तिनं आम्हाला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. चांगल्या मांसाच्या कणाच्या कडेनं बारीक बारीक तंतू बाहेर पसरलेले, गोठलेल्या थेंबाला धरून. आणि जखमेतला कण? त्याच्या भोवती काहीच नाही. ज्या अंथरुणावर ठेवलं, ते अंथरूणच त्यानं विरघळवून टाकलेलं. त्याला ना दात, ना तोंड, ना पोट. एवढासा कण, धन्यापासून तोडलेला, आणि त्याचं काम चालूच! मी घाबरले तर होतेच, पण खोटं कशाला बोलू, डोळा काढवेना. देवानं काय काय करून ठेवलंय या अंगात!

बाबानं बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "गालातपण हेच चाललंय?"

"हो काका. त्यातून एक रस पाझरतो. शेजारचं विरघळतं, वाट होते, की ते पुढे सरकतं. मानेत उतरलं की मग कोणाच्याच हातात काही राहत नाही."

"रसाचं नाव काय?"

"अजून नीट कळलेलं नाही. तेच शोधतोय. मांस पचवणारा आहे, एवढं दिसतं. पोटात असतो त्या जातीचा. मावशी, जून मटणात कच्ची पपई घालता ना? तिच्या चिकातही तसाच असतो."

"नाव नाय, आणि एवढं खातो!" बाबा पुटपुटला.

आईनं काचेकडे बोट दाखवलं. तिनं विचारलं, "हे रक्त कुठल्या कोंबड्याचं गो?"

"तुमच्याच. त्या लाल तुरेवाल्याचं."

मेले! मला वाटलं, आता ही त्या पोरीच्या झिंज्या धरणार. पण ती बाबाच्या अंगावर धावली. "तुमी देवीचा कोंबडा दिला? देवीचा?" बाबा भिंतीला टेकला. आई पुन्हा त्या काचेकडे वळली, वाकून बघत राहिली, आणि मग स्टुलावर बसली. "देवीच्या कोंबड्याचं रक्तपण सोडलं नाय या रोगानं," म्हणाली. आणि मग, अगदी हळू, "देवीनं कोंबडा ठेवून नाय घेतला. आपल्याला दाखवायला धाडला."

जिन्यात बाबा मधेच थांबला. "चिंबोरीनं नांग्यांनी उकरून बांधाला भोक पाडलं तर नुसतं तोंडावर चिखल थापून भागत नाय. कडक माती लागेपर्यंत भोवतालचा चांगला बांधपण खणून काढावा लागतो. अख्ख्या गावाला मी सांगतो हे." मग प्रमोदिनीला म्हणाला, "डॉक्टरला सांग गो, काढ म्हणावं." आणि जिन्यावरच बसून रडला. मी त्याला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं.

बाबा वाचला. पुढे कितीतरी वर्षं जगला, माझ्या पोरांना खांद्यावर घेऊन बांधावरून फिरला. पण बोलणं गेलं ते गेलंच. घशातून नुसता आवाज यायचा. म्हणून मला ऑपरेशनची सकाळ विसरता येत नाही.

आम्ही खाटेजवळ उभे होतो. आई-बाबांनी जन्मात कधी एकमेकांना नावानं हाक मारली नव्हती. "अगो", "ऐकलं काय", फार तर "कलेची आई". मला वाटलं, आता हा बांधाचं काहीतरी सांगणार. तो आईकडे बघून म्हणाला, "हौसा."

आजूबाजूच्या खाटांवरची माणसं बघायला लागली. आईनं पदर तोंडाला लावला. "लाज सोडली काय? लोक बघतात."

"बघू दे. लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर आजच. उद्या घ्यावंसं वाटलं तर कुठून घेऊ? हौसा. हौसा गो."

आईचा पदर ओला झालेला. तेवढ्यात नर्स चाकाची खाट घेऊन आली आणि म्हणाली, चला, वेळ झाली. आईनं तिच्यापुढे हात आडवा धरला.

"जरा थांब बाय," ती म्हणाली, "त्यांना माझं नाव घेऊ दे."