विहीर कोणी खोदली

फुलसावंगीजवळच्या तांड्यात पुष्पा स्पॅनिश शिकून आलीय हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचं करायचं काय, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. आज पुण्याच्या एका संस्थेला दुपारी फोनवरून धडा घेऊन दाखवायचा होता. जमलं तर घरबसल्या शिकवायचं काम, नाही तर मामानं आणलेलं स्थळ.

धडा असा की, वाक्याची जी मांडणी, तीच नामाच्या गटाची. सरावाला तिनं आईलाच, लालीबाईला, पुढ्यात बसवलं.

“याडी, नुसतं आयक. ‘रामलालनं विहीर खोदली’ हे वाक्य. ‘रामलालनं केलेली विहिरीची खोदाई’ हा नामाचा गट. करणारा तोच, विहीर तीच. स्पॅनिशमंदी बी असंच जुळते.”

लालीबाईचा शेंगा सोलता हात थांबला. “अन् मी?”

“तू काय?”

“तुहा बाप खाली खोदे, तं वरून टोपलं कोन ओढे? तू पोटात होती तवा.”

“अवं, हे उदाहरण हाये!”

“मंग खोटं कायले सांगून राह्यली?”

पुष्पानं कपाळावर हात मारला. “बरं. ‘डोंगरसिंगनं बैल विकला.’”

“कधी विकला? त्याचा तं मेला.”

पुष्पा उठली. सेवालाल महाराजांच्या तसबिरीपुढं हात जोडून पुटपुटली, “बापू, धडा होईस्तोवर हिले गप ठेवा.”

बापूंनी निम्मंच ऐकलं. धडा सुरू झाला तेव्हा लालीबाई गप्प होती, पण ओट्यावर अगदी समोर येऊन बसली, डोळे वटारून. रेंज ओट्यावरच येई, उठून जायची सोय नव्हती.

धडा ऐकून संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, “नुसतं ‘विहिरीची खोदाई’ म्हटलं तर?”

“चालतं मॅडम. गटातून करणारा गाळता येतो. काम तेवढं दिसत राहतं.”

“मग खोदली कोणी?”

पुष्पानं समोर पाहिलं. वाटीभर शेंगा तशाच पडल्या होत्या. तिनं स्पॅनिशमध्ये आधी वाक्य सांगितलं, मग गट. दोन्हीत खोदणारी लालीबाई.

मॅडम हसल्या. “छान. सोमवारपासून वर्ग घ्या.”

फोन ठेवताच लालीबाईनं विचारलं, “माहं नाव घेतलं नं?”

“घेतलं वं! दोनदा घेतलं. काम बी भेटलं!”

“अन् ह्यायचं काहून गाळलं? हे का वर बसून बिड्या ओढत होते?”

पुष्पानं तसबिरीकडं पाहिलं. तिकडूनही काही मदत येईलसं दिसेना.