एका टोकनावर दोघं

तिरुनेलवेलीजवळच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात वल्लिनायकी कॉम्प्युटरवर बसे. खेड्यांतल्या शिबिरांत निवडलेली म्हातारी माणसं तिथं मोतीबिंदूच्या ऑपरेशनला येत. शिबिरातून नावांची एक फाइल येई, तपासणीच्या खोलीतून भिंगांच्या नंबरांची दुसरी. दोन्ही टोकनच्या क्रमानं लावायच्या, टोकन जुळलं की नाव आणि भिंग एका ओळीत आणायचं आणि यादी ऑपरेशनच्या खोलीत धाडायची, हे तिचं काम. स्वभाव घाबरट, कुलूप लावल्यावर गल्लीच्या टोकावरून परत येऊन ते पुन्हा ओढून पाहणारी. यादीची मात्र तिला कधी धास्ती वाटली नाही. माणूस चुकेल, टोकन चुकत नाही, असं ती म्हणे.

त्या सकाळी यादी आत गेली आणि बाकावरून पेच्चियम्माळ नावाची म्हातारी कुरकुरली, "अगं पोरी, थेंब घालून घालून डोळा पार भिजला. माझं नाव कधी पुकारणार?"

"टोकन दाखवा, आजी."

"ते म्हाताऱ्याच्या खिशात. तो गेला की आत."

"आणि तुमचं?"

"दोघांत एकच घेतलं. नवरा-बायकोला कशाला निराळं? एका चुलीवरचं खातो आम्ही!"

"खाते एका चुलीवरचं, पण बोलत नाही त्याच्याशी पोंगलपासून!" शेजारीण म्हणाली आणि सगळा बाक हसला.

वल्लिनायकीनं धावत जाऊन तपासणीची फाइल उघडली. त्या एका टोकनावर दोन नोंदी होत्या. जुळवताना यंत्रानं दोघांना एकच माणूस धरलं होतं आणि मागून आलेली नोंद तेवढी ठेवली होती. म्हाताऱ्याच्या, म्हणजे सुडलैमुत्तूच्या नावापुढं बायकोचं भिंग लागलं होतं.

ती ऑपरेशनच्या खोलीकडं पळाली.

"चपला! चपला काढ आधी!" दारातली सिस्टर ओरडली.

"अक्का, सुडलैमुत्तूंचं भिंग थांबवा. ते त्यांचं नाही!"

सिस्टर आत गेली, दार मिटलं. वल्लिनायकी पदराचं टोक पिळत अनवाणी उभी राहिली. आत काहीतरी खणकलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यात आयुष्यभराचं धुकं आपण घातलं की काय, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

दार उघडलं. "भिंगाची डबी फोडली होती, डोळ्यात घातलं नव्हतं. डॉक्टर भडकलेत. खरा नंबर लिहून दे."

रडत रडतच वल्लिनायकीनं खरा नंबर लिहून दिला.

"आता का रडतेस, वेडे? वाचला ना तो!"

"हा वाचला, अक्का," वल्लिनायकी म्हणाली. "पण आधीच्या शिबिरांतूनही जोड्या आल्या होत्या. त्यांनी टोकनं किती घेतली, ते मी कुणालाच विचारलं नव्हतं. डोळ्यावर हिरव्या पट्ट्या बांधून सगळे घरी गेलेत."

सिस्टर कागद घेऊन आत गेली. वल्लिनायकी दाराशीच थांबली, डॉक्टर बाहेर येईपर्यंत.