एक डोंगर टाका की

नांदेडच्या आमच्या हौशी चित्रकार मंडळानं इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त काय काढलं असेल, तर डोंगर. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी. समोर दिसेल ते काढायचं म्हणून महिन्यातून एका रविवारी आम्ही लोह्याकडं नाहीतर बिलोलीकडं जायचो. समोर सपाट काळं रान, चार बाभळी. कागदावर मात्र हिमालय! मंडळात चित्रकलेचा शिक्षक मी एकटाच. सांगून सांगून माझा घसा बसला. आमचे अध्यक्ष निवृत्त तलाठी. जन्मभर याच रानांचे सातबारे लिहिलेला माणूस, पण मलाच शांतपणे विचारायचा, "सर, डोंगराबिगर निसर्गचित्र कसं व्हईल?"

गेल्या वर्षी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर मंडळात आल्या. पहिल्याच फेरीत त्यांनी अख्खा कागद नांगरटीच्या ढेकळांनी भरला आणि वर बोटभर आभाळ ठेवलं. बस्स. ढेकळांत जांभळट ओल दिसत होती. मी बघतच राहिलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी समोरचं रान पाहिलं होतं.

अध्यक्षांनी मान तिरकी केली. "सिस्टर, लई रिकामं दिसून राहिलंय. एक डोंगर टाका की."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. सिस्टरनी माझ्याकडं पाहिलं. माझं डोकं सणकलं होतं. पण मंडळाचं प्रदर्शन तोंडावर आलेलं आणि हॉल अध्यक्षांच्या ओळखीनं मिळालेला. मी खाली मान घालून ब्रश धूत बसलो.

प्रदर्शनात ते चित्र लागलं तेव्हा वरची निम्मी ढेकळं पोस्टर कलरखाली गडप झाली होती आणि त्यांच्या जागी दोन निळे डोंगर उभे होते. पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं. शाल, नारळ, फोटो, सगळं झालं. मला राहवेना. सगळ्यांसमोर मी बोलून गेलो, "वाट लावली हो चित्राची! आधीचं किती सुंदर होतं!"

सिस्टर शाल सावरत माझ्याकडं वळल्या. रागावलेल्या दिसत नव्हत्या.

"हाव सर, मलाबी तेच आवडलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुमच्याकडं बघितलं. तुम्ही काहीच बोलला न्हाईत. मला वाटलं, माझंच चुकलं असंल."