मावशीच्या जागेवरची बाटली

दसऱ्याच्या आठवड्यात माझा धाकटा भाऊ कोल्हापुरातून एक निळी बाटली घेऊन आला आणि आमच्या घराची झोप उडाली. बाटली पाण्याची नव्हे. घरच्या गॅस सिलिंडरपेक्षा लहान, लांबट, जड धातूची, तोंडाला पितळी व्हॉल्व्ह. तिच्यात नायट्रस नावाचा वायू भरायचा, तो इंजिनात सोडायचा, की इंजिनाला डिझेल जाळायला जादा दम मिळतो आणि गाडी घटकाभर सुसाट सुटते. दसऱ्यानंतरच्या रविवारी माळावर पिकअप गाड्यांची शर्यत होती. त्यात त्याला उतरायचं होतं.

मी बेळगावात शाळेत शिकवते. सुट्टी लागली की निपाणीजवळच्या माहेरी येते आणि आल्या आल्या भावाशी भांडते, हा आमचा शिरस्ता आहे. या वेळी भांडायला विषय शोधावा लागला नाही. ‘‘ती गाडी पोट भरायला हाय का जीव द्यायला?’’ मी विचारलं. याच गाडीतून तो सकाळी भांगलणीच्या, म्हणजे तण खुरपणाऱ्या, बायकांची टोळी तंबाखूच्या शेतावर सोडतो आणि मग भाजी घेऊन बाजार गाठतो. लहानपणी चुलत्याचा ट्रॅक्टर विहिरीच्या काठापर्यंत नेऊन उभा केलेला हा माणूस. याच्यावर विश्वास कोण ठेवणार?

‘‘आक्का, जीव द्यायचा असता तर बाटली कुठंबी बांधली असती,’’ तो म्हणाला. ‘‘जागा शोधायलोय न्हवं का?’’

जागा आमच्या वडिलांनी, आप्पांनी, आधीच ठरवली होती. आमच्याकडे गाडीतली मोलाची वस्तू केबिनमध्येच जाते, देवाच्या फोटोच्या नजरेसमोर. नवी नवरी, गणपती, बियाण्याची पिशवी, माझ्या दहावीचे पेढे, सगळं तिथूनच आलं. म्हणून खंडेनवमीला विळे, खुरपी, गाडी यांच्याबरोबर बाटलीलाही हळदकुंकू लागलं आणि आप्पांनी ती सीटच्या मागे मांडून घेतली. आईने वर झेंडूची माळ घातली. मला हसू आवरेना.

त्याच दुपारी भावाने ती मुकाट्याने बाहेर काढली. काचा लावून उभी केलेली गाडी इतकी तापली होती की स्टेअरिंगला हात लावता येत नव्हता. बाटली तापली की आतला दाब चढतो, दाब फार झाला की व्हॉल्व्हजवळची चकती फाटून सगळा वायू बाहेर पडतो, आणि बंद केबिनमध्ये तो पडला तर चालवणाऱ्याला श्वास घ्यायला हवा उरत नाही, हे त्याने आप्पांना दोनदा समजावलं. आप्पा म्हणाले, ‘‘देवाच्या पायाशी हाय की रं.’’ हा म्हणाला, ‘‘आप्पा, देवाला काय, तो फोटोत बसलाय. श्वास मला घ्यायचाय.’’

मग त्याचा शोध सुरू झाला, आणि खरं सांगायचं तर तिथूनच माझा राग ओसरायला लागला. तो गाडीखाली शिरला, तिथे सायलेन्सरची धग आणि रस्त्याचे दगड. ती जागा बाद. मागच्या उघड्या हौद्याच्या शेवटच्या टोकाला पाहिलं. तिथे दिवसभर ऊन, शिवाय हायवेवर कोगनोळीच्या टोलनाक्याच्या गर्दीत मागून एखादा ट्रक टेकला तर पहिला मार बाटलीलाच. तीही बाद. एक अख्खी दुपार तो हौद्यात बसून होता. थोड्या थोड्या वेळाने पत्र्यावर हात ठेवायचा, सरकायचा, पुन्हा हात ठेवायचा. ‘‘अंडी उबवतोस काय रं?’’ मी ओट्यावरून विचारलं. सावली कुठून कुठे सरकते ते तो बघत होता.

शेवटी जागा सापडली. हौद्यात पुढे, केबिनच्या भिंतीला लागून. सावली तिथे सगळ्यात जास्त वेळ राहते, बॅटरी आणि सायलेन्सर लांब, आणि बरोबर खाली चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, आडवा लोखंडी दांडा. नुसत्या पत्र्यात स्क्रू मारणारे लोक त्याने पाहिले होते. त्याने पत्र्याआरपार चार बोल्ट घालून थेट त्या दांड्याला पकड दिली, खालून जाड पट्ट्या लावल्या. बाटली आडवी ठेवली, तोंड पुढे आणि जरा वर, नावाची चिठ्ठी आभाळाकडे. आत वायू दाबाने पातळ होऊन तळाशी साचतो, नळी तिकडेच वाकलेली असते, बाटली उलटी बसली तर ती वरची नुसती वाफच ओढते, असं त्याने मला नीट दाखवलं. मग शेजारच्याचा ट्रॅक्टर आणून पकडीला साखळी बांधली आणि ओढायला लावलं. अख्खी पिकअप अंगणात फरफटली, पकड जागची हलली नाही. विहिरीच्या काठचा तो पोरगा हाच का, असं मला वाटलं. मला त्याचा अभिमान वाटला, आणि मी तसं त्याला सांगितलंसुद्धा. त्याला बिचाऱ्याला यात काहीतरी खोच आहे असंच वाटलं.

हे दसऱ्याच्या संध्याकाळी झालं. दुसऱ्या दिवशी भांगलण होती. बाटली रिकामीच होती, भरायची शनिवारी. शेताच्या खड्ड्यांनी बोल्ट ढिले होतात का ते बघावं म्हणून त्याने ती तशीच ठेवली.

सकाळी बायका आमच्या दारात जमल्या. मी चूळ भरत उभी होते. टोळीतली सगळ्यात जुनी मावशी पुढे आली. आमच्या नात्यातली नव्हे, पण भाऊ तिच्या मांडीवर खेळलेला. तिने हौद्याच्या कडीला हात घातला, आत पाहिलं आणि थांबली. मग पदर कमरेला खोचला आणि आली तशी परत वळली. खुरपं विसरलं असेल, असं मला वाटलं. भाऊ आत चहा पीत होता. तो आला, गाडी चालू केली आणि गेला. परतला तेव्हा तोंड उतरलेलं होतं. ‘‘मावशी शेतावर न्हाय. बायका माझ्याशी बोलंनात.’’

आई चुलीपासून उठली, त्याला दंडाला धरून गाडीपाशी घेऊन गेली आणि बोट दाखवलं. ‘‘ही कुणाची जागा?’’

केबिनच्या भिंतीची ती जागा मावशीची होती. गुडघा दुखतो, तिथे पाठ टेकते, वारा लागत नाही, म्हणून किती वर्षं ती तिथेच बसत आली. आणि आमच्याकडे टोळीतल्या बाईला ‘उद्यापासून येऊ नको’ असं तोंडाने कोणी सांगत नाही. एकाच गल्लीत राहायचं असतं, रोज तोंड बघायचं असतं. मग तिच्या जागेवर एखादं पोतं ठेवतात, डबा ठेवतात. ती बघते आणि परत जाते. भांडण नाही, रडारड नाही. आप्पांनीही पूर्वी एकदा असं खताचं पोतं ठेवलेलं मला आठवतं. मावशीची पात, म्हणजे तिच्या वाट्याची भांगलायची ओळ, अलीकडे मागे राहायची, आजूबाजूच्या बायका गुपचूप पुरी करून द्यायच्या. म्हणजे आपल्या जागेवर कधीतरी काहीतरी ठेवलेलं दिसणार, याची ती वाटच बघत होती.

भाऊ जमिनीवर बसला. ‘‘मी सावली बघितली गं आक्का. सायलेन्सर बघितला, ट्रक बघितला. मावशी बघितली न्हाय.’’

मी त्याच्याबरोबर तिच्या घरी गेले. ती दारात जोंधळे निवडत होती. आम्हाला बघून उठली, चहा टाकला. राग नाही, टोमणा नाही. भावाने बाटली, शर्यत, सावली सगळं सांगितलं. ती मान हलवत राहिली. खोटं पाडायचं नाही आणि पटलेलंही नाही, अशा वेळी माणूस हलवतो तशी. शेवटी म्हणाली, ‘‘बाळा, कुणालातरी कधीतरी उतरावंच लागतंय. पोतं न्हाय ठेवलंस, चांगली नवी बाटली ठेवलीस. मान राखलास की माझा.’’



घरी आल्यावर आप्पांनी मार्ग काढला. ‘‘बाटली मागं सरकव, म्हातारीला पुढं बसव. झालं.’’ भाऊ म्हणाला, ‘‘मागं बसवणार न्हाय. ती जागा चुकीची हाय.’’

‘‘मग शर्यत सोड,’’ मी म्हटलं.

‘‘मावशी गाडीत बसली न्हाय तर सोडतोच.’’ एवढं बोलून तो पाना घेऊन हौद्यात चढला.

पुढचं सांगण्याआधी एक सांगून मोकळी होते. शर्यत झाली, त्यात तो तिसरा आला आणि बाटली केसभरही हलली नाही. गाव त्याला शर्यतीसाठी ओळखतं. मी ओळखते ते त्या दिवशी त्याने हौद्यात जे केलं त्यासाठी.

त्याने बाटली आणि तिची पकड उतरवली. चार बोल्ट मात्र तसेच ठेवले. जुन्या पलंगाची जाड फळी कापली, त्याच चार बोल्टांच्या मापाने भोकं पाडली, खाली वायसर घातले आणि फळी आवळून बसवली. वर कापूस भरलेल्या गोणपाटाची गादी. केबिनच्या भिंतीला पाठीसाठी दुसरी फळी. गुडघा ताणून बसता यावं म्हणून समोर जागा मोकळी सोडली. मग पुन्हा शेजारचा ट्रॅक्टर आणला. बाटलीला लावलेली तीच साखळी त्याने मावशीच्या बैठकीला लावली आणि ओढायला सांगितलं. हे बघताना मला रडू आलं. ते लपवायचं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका चढल्या. पुढची जागा त्याने कोणाला घेऊ दिली नाही. गाडी कधी कोणाच्या दारात जात नाही, बायकाच आमच्या दारात येतात. त्या दिवशी मात्र गाडी मावशीच्या गल्लीत गेली, आणि मीही हौद्यात चढले. हॉर्न ऐकून मावशी बाहेर आली. ती काही विचारायच्या आत भाऊ खाली उतरला आणि सगळ्या टोळीसमोर म्हणाला, ‘‘मावशी, ही जागा तुझी हाय. रविवारी एक दिवस मला उसनी पायजे, बाटली बसवायला. तू देत नसशील तर शर्यत ऱ्हायली.’’

मावशीने आत पाहिलं. तिने फळीला हात लावला, हलवून पाहिली, वाकून एकेक बोल्ट चाचपला. मग माझा हात धरून वर चढली, बसली, पाय लांब केला.

‘‘रविवारी मी तरी कुठं येते रं? घे की,’’ ती म्हणाली. पुन्हा बोल्टावरून बोट फिरवलं आणि तोंडाला पदर लावून हसली. ‘‘आता मला उतरवायची म्हंजे पाना आणावा लागंल तुला.’’

भावाने खिशातून पाना काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. ‘‘मग ह्यो तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे.’’

रविवारी पहाटे आमच्या शर्यतवाल्याला पाना मागायला मावशीच्या दारात जावं लागलं. तिने आधी चहा पाजला, मग पाना दिला, आणि संध्याकाळी बैठक पुन्हा बसवून तो परत दिल्याशिवाय त्याला घरी जाऊ दिलं नाही.