तिसगावच्या ईश्वरीचे केस

"सायेब, तुमचं मशीन मानूस बघून चालतंय का?"

मी डायरेक्टरांच्या केबिनमध्ये शिरले तेव्हा तिसगावचे भाऊसाहेब टेबलावर हात टेकून हे विचारत होते. मागे त्यांची बायको मंगल आणि सात-आठ वर्षांची मुलगी ईश्वरी उभी होती. ईश्वरीचं तोंड फुगलेलं.

"नगरच्या पोरांचे केस टाचनीवानी उभे राहत्यात. आमच्या पोरीचा एक केस हलला न्हाई. आमच्या संगं आलेल्या पोरांचं बी तेच. ती मशीनवरची बाई खेड्यातली पोरं बघून बटन नीट दाबत न्हाई. मी सोता पाह्यलं."

मी नगरच्या आमच्या विज्ञान केंद्रात मेंटेनन्स बघते. इथे प्रत्येक वस्तूला हात लावायची परवानगी आहे, त्यामुळे मला काम भरपूर. रविवारी कुटुंबंच्या कुटुंबं येतात. सगळ्यात मोठी रांग असते ती केस उभे करणाऱ्या मशीनपुढे.

मशीन सोपं आहे. आत रबरी पट्टा फिरतो आणि वरच्या धातूच्या गोळ्यावर विजेचा भार साठत जातो. मूल प्लास्टिकच्या पाटावर उभं राहून गोळ्याला हात लावतं. भार अंगभर पसरतो, केसांतही शिरतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात. म्हणून प्रत्येक केस शेजारच्यापासून लांब पळतो.

डायरेक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"खरं असेल तर वैशालीचं कॉन्ट्रॅक्ट पुढे जाणार नाही. ट्रस्टींपुढे मी तिची बाजू घेऊ शकत नाही. आत्ता बघा आणि आत्ताच सांगा."

वैशाली म्हणजे मशीनवरची डेमॉन्स्ट्रेटर. सगळ्यांना घेऊन मी मशीनपाशी गेले तेव्हा ती रडत नव्हती, चिडली होती.

"मॅडम, माझ्या हातात एक स्विच आहे. चालू आणि बंद. त्यात नगरचं आणि तिसगावचं कुठून आणू?"

"मग त्यांचे केस का उभे राहत नाहीत?"

"ते मला माहीत असतं तर मी तुमच्या जागेवर नसते का?"

मी तिला बाजूला उभी केली आणि स्विच स्वतः घेतला. आधी ठिणगी तपासली. तारेने जमिनीला जोडलेला छोटा गोळा मोठ्या गोळ्याजवळ नेला की ठिणगी उडते. ती जितक्या लांबून उडते तितका भार जास्त. ठिणगी छान लांब होती. पाट पुसला. हवा कोरडी होती, दमट हवेत हे मशीन रुसतं. रांगेतल्या नगरच्या एका मुलाला उभं केलं. त्याचं डोकं लगेच साळिंदर झालं.

मग ईश्वरी. स्विच तोच, माझाच हात. केस ढिम्म.

"बघा!" भाऊसाहेब म्हणाले. "आता तुमी बी तसंच करायलात."

"काही होतंय का गं?" मी तिला विचारलं.

"हाताला गुदगुल्या होत्यात."

मी वाकून पाहिलं. तिच्या हातावरची बारीक लव सरळ उभी होती. म्हणजे भार तिच्यापर्यंत पोचत होता. हातावर काम होत होतं, डोक्यावर अडत होतं.

मशीन बंद करून गोळ्यातला भार काढून टाकला आणि तिच्या वेणीला हात लावला. बोटं चकचकीत झाली. रांगेकडे पाहिलं. नगरची पोरं रविवारची न्हाऊन आलेली, केस भुरभुरीत. तिसगावच्या पोरांचे केस चापून-चोपून बसवलेले, पोरींच्या घट्ट वेण्या रिबिनीत बांधलेल्या.

"मंगलताई, तेल किती लावलंय?"

"आता गावाला न्यायचं तर भुऱ्या डोक्यानं न्यायचं का लेकराला?" मंगल म्हणाली. "चांगलं वाटीभर जिरवलंय. लोकं मला नावं ठेवतील न्हाई तर."

तेलाने केस एकमेकांना चिकटतात, त्यांची जड बट होते. ती बट उचलण्याइतकी ताकद या मशीनमध्ये नाही. वेणी घातली की प्रश्नच मिटला.

भाऊसाहेबांना हे पटलं नाही. "तेलाचं निमित्त सांगू नका."

"तुम्ही लावलंय तेल?"

"मला कोन लावतंय?"

"मग टोपी काढा आणि चढा पाटावर. स्विच वैशाली दाबेल."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "चढा की. लई बोलत हुता."

ते चढले. वैशालीने स्विच दाबला. भाऊसाहेबांच्या टकलाच्या कडेला जे केस होते ते सगळे उभे राहिले. ईश्वरी इतकी हसली की खाली बसली. मंगलने पदर तोंडाला लावला.

भाऊसाहेब उतरले, टोपी घातली आणि वैशालीला म्हणाले, "चुकलं ताई. सायबाला मीच सांगतो."

ईश्वरीचं मात्र मिटलं नव्हतं. मी पतंगाच्या कागदाच्या बारीक पट्ट्या कापून तिच्या मुठीत दिल्या आणि तिला पुन्हा पाटावर चढवून मशीन चालू केलं. पट्ट्या फुलासारख्या उघडल्या. तिने त्या नीट पाहिल्या.

"हे माझे केस न्हाईत," ती म्हणाली.

बरोबरच होतं. पुढे एका रविवारी ती मोकळ्या केसांनी आली आणि मनासारखं साळिंदर होऊन गेली. आई पूर्ण वेळ कुरकुरत होती, "असल्या अवतारात एसटीत बसवली."

वैशालीचं कॉन्ट्रॅक्ट पुढे गेलं. डायरेक्टरांना 'तेल लावून येऊ नये' अशी पाटी हवी होती. मी नको म्हटलं. असली पाटी वाचून लोक तेल सोडत नाहीत, येणं सोडतात. आता वैशाली आधी तेलाचं विचारते. हो म्हटलं तर हातावरची लव दाखवते, पट्ट्या देते आणि कारण सांगते. पोरं घरी जाऊन आईशी वाद घालतात, असं कळतं.

हे मशीन बसवलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी ते आपापल्या शांपूच्या डोक्यांवर तपासलं होतं आणि पास केलं होतं. नवीन वस्तू आली की आता मी आधी रविवारची रांग बघते, मग सही करते.