साहेबाला पायांनी सलाम

शहाद्याच्या चौकात मल्लखांब करणारा तो पोरगा मी रोज बघायचो. नाव कधी विचारलं नाही. मल्लखांबात जिल्ह्यात पहिला आल्यापासून त्याच्यावर हुकूमच होता. गोरा साहेब दौऱ्यावर आला, की त्याचा चहा संपेपर्यंत खांबावर उलटं लटकायचं.

एकदा साहेबानं त्याला खाली उतरवून पाठ थोपटली. पोरगा साहेबाकडे बोट दाखवून शेजारच्या मामलेदारांना म्हणाला, “हाऊ कोन शे?”

चौक गारठला. मामलेदारांनी त्याचं बखोट धरलं.

“मी तं त्यास्ले कायम उलटाच दखेल शे!” तो रडवेला झाला आणि ओळख पटवायला तिथंच हातांवर उभा राहिला. मग म्हणाला, “हां, साहेबच शे!” आणि पायांनी सलाम ठोकला.

साहेब बेहद्द खूश झाला.

दुसऱ्या दिवशी कचेरीमागच्या भिंतीला मामलेदार उलटे टेकले होते. पोरगा त्यांचे पाय धरून सलाम शिकवत होता.